अख्ख्या झाडाचं तेल

वालूर, ता. सेलू
१६ मार्च २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

फोन असताना ही बया पत्र का लिहितेय, असं म्हणशील. फोन मायजवळ असतो, म्हणून. तुझं नाव दिसलं की ती आधी स्पीकर लावते आणि मग मला बोलू देते. तिच्यासमोर तिच्याच दुखण्याचं काय बोलणार? बोललेच तर मधेच, "त्येला कामून घोर लावायली गं, तिकडं एकटं हाय लेकरू," म्हणून फोन काढून घेते. हे लेकरू पंचेचाळिशीचं झालं, डोक्यावरचे केस गेले, हे तिला कोण सांगणार!

तर ऐक. अंगावरची नागीण गेली, पण आग राहिली. उजव्या बरगडीपासून पाठीच्या कण्यापर्यंत तो पट्टा अजून पेटलेला आहे. पदर टेकला तरी कळवळते. ब्लाऊज घालवत नाही, म्हणून पांढरं जुनं लुगडं सैल गुंडाळून भिंतीपासून लांब बसते. शेजारणींनी गेरू लावून झाला. सेलूच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिली, त्याने गुंगी येते, आग जात नाही. ते म्हणतात, नसा दुखावल्यात, वर्षसुद्धा लागेल.

फेब्रुवारीत तू तुझ्या औषधांच्या कंपनीची पांढऱ्या झाकणाची बाटली ठेवून गेलास, ती संपली. फरक शून्य. तुझ्या डॉक्टरकीवर माझा विश्वास फार होता असं नाही, पीएचडीचा, सुई टोचता न येणारा डॉक्टर तू. पण मायचा आहे. अजून म्हणते, "सिदूचं औषद हाय, उतरंल हळूहळू."

त्याहून जोरकस काही असेल तर पाठव. फक्त एक लक्षात ठेव. "ह्यात नशा न्हाई नं रं?" असं तिने तुला विचारलं होतं, आणि तू नाही म्हणालास तेव्हाच तिने तोंड उघडलं. बाबांच्या बाटलीपायी तिची अर्धी हयात गेली. बाबा गेल्यावर तिनेच बायका गोळा करून वस्तीतला गुत्ता उठवला. आजही पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायला तीच पुढे असते, आणि नशा न करण्याच्या पाचव्या शिलाशी आली की तिचा आवाज असा चढतो की मागचे दोन-चार बाप्ये माना खाली घालतात. त्या बाईच्या पोटात चोरून काही जायला नको.

तुझी,
सुकेशनी

---

पुणे
२२ मार्च २०२५

चि. सुकेशनी,
जयभीम.

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि जरा हसूही आलं. "सुई टोचता न येणारा डॉक्टर" हे ऑफिसात सांगितलं, सगळे खूश.

आता नीट वाच. पांढऱ्या झाकणाच्या बाटलीत एकच द्रव्य होतं, सीबीडी. ते गांजाच्या झाडातून निघतं. दचकू नकोस, त्यात नशा अजिबात नाही, मायला मी खोटं सांगितलं नव्हतं. पण एकट्या द्रव्याने भागत नाही, हे आम्ही इथे रोज पाहतो. या झाडात अशी शंभरावर द्रव्यं असतात. शिवाय वासाची वेगळीच. एक लवंगेत आणि मिऱ्यात असतं तेच, एक लिंबाच्या सालीतलं. एकेक वेगळं काढून दिलं तर कुणीच धड काम करत नाही. सगळी एकत्र गेली की एक सूज धरतं, एक झोप आणतं, एक नसेचा ओरडा कमी करतं. विहारात कुसुमबाई एकटी गायला लागली तर लोक चपला शोधतात, पण पंचवीस बायकांत तिचाच आवाज गोड लागतो की नाही? तसं.

म्हणून या खेपेला हिरव्या झाकणाची बाटली पाठवतोय. अख्ख्या झाडाचं तेल. यात टीएचसी आहे, थोडंसं. नशा आणणारं द्रव्य तेच, हे लपवत नाही तुझ्यापासून. पण त्याची वेदनेला मदत होते, आणि शेजारी सीबीडी असलं की ते टीएचसीला डोक्यात चढू देत नाही. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणून नशेची भीती नको. कंपनीच्या वैद्यांची चिठ्ठी मी इथे करून घेतली आहे, त्यामुळे कायद्याचाही प्रश्न नाही.

प्रश्न मायचा. झाडाचं नाव ऐकलं की ती बाटली उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. लेबल काढून टाकलंय. अंबाडीच्या बियांचं तेल आहे म्हण. अंबाडीची भाजी ती जन्मभर खात आलीय, शंका येणार नाही. पानं शेजारी ठेवली तर तलाठीसुद्धा फसेल, इतकी सारखी दिसतात. शास्त्रीय नावातसुद्धा अंबाडीला गांजासारखी म्हटलंय. म्हणजे अगदीच खोटं नाही.

पाच थेंब सकाळी, पाच संध्याकाळी. तुपाच्या किंवा तेलाच्या घासाबरोबर दे, म्हणजे चांगलं अंगी लागतं. वाद घालू नकोस. तिला बरं वाटणं महत्त्वाचं.

दादा

---

वालूर
१५ एप्रिल २०२५

प्रिय दादा,
जयभीम.

काल जयंतीच्या मिरवणुकीत माय चालली! ब्लाऊज घालून, इस्तरीची पांढरी साडी नेसून, पार वेशीपर्यंत. तुला फोनवर दिसलं ते खरंच होतं, मी तिला धरून उभं केलेलं नव्हतं. पहिला आठवडा काही वाटलं नाही, मग एका सकाळी ती भिंतीला पाठ टेकून चहा पिताना दिसली. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

सांगितलं तिला अंबाडीचं. तुझ्याइतकी तयारीची खोटारडी मी नाही, त्यामुळे बाटलीकडे बघून बोलले. तिने झाकण उघडून वास घेतला, म्हणाली, "आंबट कसं न्हाई गं?" मी म्हटलं, बी दळून काढतात, पानाचा आंबटपणा त्यात उतरत नाही. पटलं तिला. तुझं नाव सांगितलं की तिला काहीही पटतं.

आता तिने वस्तीभर सांगत सुटायचं ठरवलेलं दिसतं. "अंबाडीत येवढं बळ हाय, आपुन नुस्ती भाजी करून खायलोत." कुसुमबाईच्या गुडघ्याला देते म्हणत होती, मी कसंबसं थोपवलं. पावसाळ्यात परसात वाफा करणार आहे म्हणे.

एक विचारायचं आहे. परवा भाकरी थापता थापता ती एकटीच हसत होती. काय झालं म्हटलं तर, "काई न्हाई गं, भाकरीकडं बगून हसू आलं." दादा, हे हसणं आग उतरल्याचं की तुझ्या त्या टीएचसीचं? तू इथे नसतोस. बाबा घरात शिरले की ती दारातूनच ओळखायची आज किती झालीय. त्या बाईला फसवणं मला जड जातंय. खरं काय ते सांग.

सुकेशनी

---

पुणे
२१ एप्रिल २०२५

चि. सुकेशनी,

शाब्बास! मला खात्री होतीच.

हसण्याचं मनावर घेऊ नकोस. तीन महिने जळलेली बाई हसली तर त्यात द्रव्य कसलं शोधतेस? पाच थेंबांत नशा होत नाही. दुसरी बाटली सोबत आहे, पहिलीपेक्षा मोठी.

एक काम कर. आधी आग दहापैकी किती होती आणि आता किती आहे, ते मायला विचारून कळव. झोपेचंही. आमच्या बैठकीत अख्खं झाड विरुद्ध एकटं द्रव्य असा वाद चाललाय आणि मी "परभणी जिल्ह्यातील एक माता" म्हणून तिचं उदाहरण मांडलं. नाव घेतलेलं नाही. साहेब फार प्रभावित झाले. आपल्या मायने मला हात दिला असं समज.

घाईत आहे.

दादा

---

वालूर
१४ मे २०२५

दादा,

दोन दिवसांपासून तुझे फोन येतायत आणि आम्ही दोघीही उचलत नाही, कारण काय ते लिहिते.

परवा बुद्धपौर्णिमा. मायला अष्टशील होतं, म्हणजे दुपारनंतर पोटात काही घालायचं नाही. मी सकाळीच विहारात पताका लावायला गेले होते. ती घरी एकटी. संध्याकाळचे थेंब घेता येणार नाहीत, म्हणून दिवसभराचं आत्ताच घेऊन टाकू, असा तिने विचार केला. आणि अंबाडीचंच तर आहे, दिवसभर बसायचंय, जरा जास्त घेतलं तर काय बिघडलं, म्हणून खिरीच्या वाटीवर चमचाभर ओतलं. खीर म्हशीच्या दुधाची, वर तूप. तूच सांगितलं होतंस ना, तुपाबरोबर चांगलं अंगी लागतं? लागलं.

दुपारी विहार गच्च भरला होता. ती पुढे बसली आणि पंचशील सुरू केलं. पहिली दोन नीट झाली. तिसऱ्याला एकच शब्द तीनदा म्हणाली. लोकांना वाटलं, उपास लागला. चौथं तिने कुजबुजत म्हटलं. पाचव्याला आली आणि थांबली. सगळे तिच्या मागून म्हणायला थांबलेले. आणि ती हसली, दादा. मूर्तीकडे बघून खुदकन हसली, मग हसूच आवरेना. तोंडावर पदर धरला, उठायला गेली, भिंत धरली, खाली बसली. डोळे लाल. "जीभ सापडंना गं," एवढंच म्हणाली आणि परत हसली आणि मग रडायला लागली.

कुसुमबाई जवळ गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पंचफुला, तोंडाचा वास दे बरं." धम्मपाल काका कमिटीचे अध्यक्ष, ते बिचारे सौम्यपणे म्हणाले, "बाई, तुमी जरा घरी जाऊन पडा." मागून बाप्यांच्यातून कुणीतरी बाबांचं नाव घेऊन बोललं, "रंगनाथनं ठिवलेली आज संपवली वाटतं." ज्यांचा गुत्ता तिने उठवला तेच हसत होते. त्यांचं मी समजू शकते. बायका हसल्या नाहीत, त्यांनी वाट करून दिली, आणि आम्ही दोघी त्या वाटेने बाहेर आलो.

काल सकाळी तिने मला समोर बसवलं. "तुझ्या बापाची नशा मी जन्मभर बगितली. माज्या डोस्क्यातली मला कळत न्हाई व्हय? काय होतं त्यात?"

मी सांगितलं. सगळं. दोन्ही झाकणांच्या बाटल्या, अंबाडी, तुझं लेबल, माझं खोटं. ती "बरं," म्हणाली आणि भांडी घासायला बसली. त्यानंतर तेल नाही, सेलूची कॅप्सूलही नाही. माझ्या हातचं पाणीसुद्धा आधी बघते, मग पिते.

तू म्हणाला होतास, ते दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. मग कुठे गेला होता तुझा सांभाळणारा?

सुकेशनी

---

पुणे
१९ मे २०२५

चि. सुकेशनी,

आधी महत्त्वाचं. तिला धोका नव्हता. एवढ्याने जिवाला काही होत नाही, उतरलं की उतरलं. कॅप्सूल मात्र एकदम बंद करू देऊ नकोस, डॉक्टरांना विचार.

तू विचारलंस म्हणून लिहितो. पोटातून घेतलं की सगळं यकृतातून जातं. सीबीडी आणि टीएचसी तिथे एकाच दाराशी येतात. सीबीडी जास्त असलं तर ते दार अडवून बसतं आणि टीएचसी मोडायचं राहून जातं, रक्तात जास्त वेळ फिरतं. म्हणजे आवरण्याऐवजी त्याने त्याला वाढवलं असणार. त्यात तूप, त्यात तिची गुंगीची कॅप्सूल. तीही आपली साथ देतेच. परदेशात माणसांवर असा प्रयोग झालाय, मी तो वाचला होता. पण त्यात मात्रा मोठी होती, पाच थेंबांना तो लागू नाही असं मी धरलं. आणि खरं सांगायचं तर द्रव्यं मिळून एकमेकांना साथ देतात हे सगळंच अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही. काही जोड्या जमतात, काहींचं नुसतं आम्ही म्हणतो. विकायचं म्हटलं की खात्रीने बोलावं लागतं, तशी सवय लागते.

पण चमचाभर ओतायला मी सांगितलं नव्हतं, हेही लक्षात घे.

विहारात काही बोलू नकोस. उपासाने चक्कर आली म्हण. गांजा हा शब्द वालुरात एकदा सुटला की चिठ्ठी कुणी बघणार नाही. तू शिक्षिका आहेस. माझं इथे बढतीचं चाललंय आणि ते उदाहरण आता छापून गेलंय. लोक विसरतात. दोन पौर्णिमा जाऊ दे.

दादा

---

वालूर
८ जून २०२५

दादा,

लोक विसरतात म्हणे. पिठाच्या गिरणीत माय आली की बाया बोलणं बदलतात. परवा एका पोराने तिच्या मागून झोकांड्या खात चालून दाखवलं. तिने वळून पाहिलं आणि पुढे गेली. वीस वर्षं जिने दारुड्यांच्या बायकांना घरात आसरा दिला, तिच्या दारात आता कुणी येत नाही.

चमचा तिने ओतला, बरोबर. अंबाडी समजून ओतला. गांजा आहे हे माहीत असतं तर तिने थेंब मोजताना चष्मा लावला असता. तुझ्या तेलापेक्षा आपली अंबाडी तिला जास्त चढली, कळतंय का तुला?

ती स्वतः "उपास व्हता" असंही म्हणत नाही, कारण ते खोटं. "पोरांनी दिलं" असंही म्हणत नाही, कारण ते आपण. मधल्या मधे दारुडी हे नाव तिने घेऊन टाकलंय. मी रोज ठरवते, विहारात उभी राहीन आणि सांगेन. मग शाळा उघडायच्या बेतात आहे हे आठवतं, हेडमास्तरांचं तोंड आठवतं, आणि बसते. माझी लाज मला वाटते, तुझ्याकडून ती शिकायची गरज नाही.

म्हणून हे शेवटचं मागणं. दहा जुलैला आषाढी पौर्णिमा आहे, वर्षावास बसतो, सगळी वस्ती येते. तू ये. तू डॉक्टर आहेस, तुझं ऐकतील. एवढंच म्हण की औषध होतं, मी दिलं, मायला माहीत नव्हतं. तू उभा राहिलास तर तुझ्याशेजारी मीही उभी राहीन. एकटीने होत नाही मला. दोघांनी मिळून होईल.

तिला आग परत पहिल्यासारखी लागलीय. ब्लाऊज पुन्हा खुंटीवर गेला.

सुकेशनी

---

पुणे
३० जून २०२५

चि. सुकेशनी,

दहा तारखेला बाहेरून पाहुणे येतायत, हलता येणार नाही. दिवाळीत नक्की येतो, तेव्हा शांतपणे बोलू. उरलेली बाटली कुरिअरने परत पाठव, घरात ठेवू नकोस. मायला डॉक्टरांकडे ने.

दादा

---

वालूर
१२ जुलै २०२५

सिदू,
जयभीम.

मला ऐकू येऊ नये म्हनून तुमी दोगं पत्रं लिवता. मग मीबी लिवायले. अक्षर सुकेशनीनंच शिकवलेलं हाय, चुकलं तर तिला बोल.

आषाढी झाली. पंचशील कुसुमनं म्हनलं. मी लय मागं बसले, चपला-जोड्यांपाशी. कुसुम पाचव्याला आली तवा समदी येकदा माज्याकडं वळून बगितली. मी सुकेशनीकडं बगितलं. ती चटईच्या काड्या मोडायली व्हती. दाराकडंबी बगितलं, तू आलास का. माज्या मनाला वाटलं व्हतं येशील. सुकेशनी म्हनली, पावने हायत. असतील.

समदे गेल्यावर मी भंतेजीला इचारलं. म्हनलं, भंतेजी, आजाराला औषद म्हनून, ठाऊक असून, असलं काई घेतलं तर शील मोडतं का? ते म्हनले, मनात नशेची हाव न्हाई, दुखनं कमी व्हावं म्हनून मापात घेतलं, तर मोडत न्हाई उपासिका. म्हंजी मी घेतलं असतं रं. तू नुस्तं सांगितलं असतंस, माय, गांजाचं हाय, थोडी नशा हाय, पन आग जाती, तर मी भंतेजीला इचारून तुज्या हातनं घेतलं असतं. आज पाठ टेकून बसले असते.

माजं पाचवं मोडलं न्हाई. चौथं मोडलं, ते तुमचं. खोटं बोलायचं न्हाई ते.

सुकेशनीनं तुजं शास्तर सांगितलं. येकल्या येकल्यानं जमत न्हाई, समदे मिळून काम करतेत. तुमी दोगं भाऊ-भैन तसंच की. येकानं लेबल काढलं, येकीनं थेंब घातले. येकटं येकटं तुमच्यातल्या कुनाचीबी येवढी हिंमत झाली नसती. खरं बोलायला मातर दोगं मिळूनबी पुरलात न्हाई.

लोकांला मी सांगनार न्हाई. सांगितलं तर हिची शाळा, तुजी नोकरी. तुज्या बापाचं नाव झाकलं, तुमचंबी झाकते. दारूडी म्हनायलेत, म्हनू दे. पन गुत्ता परत बसलाय तिथंच, पिंपळाखाली. परवा बायांला म्हनलं, चला उठवू. कुनी उठलं न्हाई. येक जन म्हनली, आदी तुमचं बगा. त्ये तेवढं लागलं मला.

तेल मोरीत वतलं. बाटली रिकामी पाठवायले, तुला परत पायजे व्हती म्हनून. दिवाळीला ये, घर तुजं हाय. पन खायाला प्यायाला काई आनू नको.

आग कशी हाय म्हनून इचारशील. हाय. लय हाय. पन ती माजी हाय, मला ठाऊक हाय. तिच्यात कुनी काई मिसळलेलं न्हाई.

तुजी माय,
पंचफुला